आमचं दक्षिणमुखी चार्ल्सटन

बाबांनी बातमी आणली तेव्हा आई गोळाभाताचे गोळे वळत होती, आबाजी रेडिएटरला पाठ लावून लसूण सोलत होते आणि मी टेबलाच्या कोपऱ्यावर बसून गोळ्यांचं कच्चं पीठ चोरून खात होते. इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या त्या घरात बैठकीची खोली होती, तिच्यात बऱ्यापैकी सोफाही होता, पण पाहुणे आल्याशिवाय तिथे कोणी बसत नसे. सगळं राज्य स्वयंपाकघरातून चाले. वॉशिंग मशीनही तिथेच, सिंकच्या शेजारी. त्याचा स्पिन सुरू झाला की सगळे आवाज चढवून बोलायचे आणि तो थांबल्यावरही थोडा वेळ तसेच ओरडत राहायचे. बाबा ब्रॅकनेलच्या ऑफिसातून आले, गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवली आणि स्पिनच्या वर आवाज काढून म्हणाले, "चार्ल्सटन!"

"ते काय असते?" आबाजींनी विचारलं.

"गाव आहे, आबा. अमेरिकेत. साउथ कॅरोलिना. क्लायंटचं नवीन सेंटर उघडतंय तिकडे. दोन वर्षं, मेबी थ्री. ऑलमोस्ट डन आहे."

त्या 'ऑलमोस्ट'कडे आम्ही कोणीही लक्ष दिलं नाही. आईने पहिला प्रश्न विचारला तो "समुद्र आहे का तिथे?" असा. ती नागपूरची, तिला समुद्राचं फार. आबाजींनी विचारलं, "घराचं तोंड कोणीकडे?" आणि मी, सोळा वर्षांची, नुकतीच जीसीएसईची परीक्षा संपवून सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे अकरावीला, गेलेली, हातातलं पीठ तसंच धरून म्हणाले, "मी नाही येणार. इट्स नॉट फेअर. माझा पूर्ण लाइफ इथे आहे." माझ्या पूर्ण आयुष्यात तेव्हा जेमा नावाची मैत्रीण, बुटांच्या दुकानातली शनिवारची नोकरी आणि एक हिरवं जाकीट एवढ्या गोष्टी होत्या. पण त्या सोडून जायचं म्हणजे जीव जाणार असं वाटत होतं, ते मात्र खरं.

आबाजी म्हणजे बाबांचे वडील. भंडाऱ्याचे. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून जन्म काढलेले, आजी गेल्यावर पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. त्यांना जगातली कुठलीही वस्तू दिशेशिवाय दिसत नसे. मीठ कुठे आहे विचारलं तर "वायव्येला, डब्यामागे" असं उत्तर मिळायचं. इंग्लंडमध्ये आल्यावर पहिले काही दिवस सूर्यच निघाला नाही, तेव्हा ते अगदी कासावीस झाले होते. शेवटी एका सकाळी ऊन पडलं, त्यांनी मफलरसकट बाहेर जाऊन घराला एक प्रदक्षिणा घातली आणि तोंड ईशान्येला आहे असं पाहून समाधानाने चहा मागितला. माझं मराठी आज लिहिण्याइतकं धड आहे ते त्या सहा महिन्यांमुळेच. 'माझा लाइफ' म्हटलं की ते चिडत नसत, फक्त "माझं आयुष्य" असं हळूच म्हणून लसूण सोलत राहायचे.

आणि आई. आई आर्किटेक्ट होती. नागपुरात शिकली, चार-पाच वर्षं तिथल्या एका ऑफिसात काम केलं, मग बाबांच्या नोकरीमागे इकडे आली. इकडे तिची डिग्री चालत नव्हती, पुन्हा परीक्षा द्यायला हव्या होत्या. आधी मी लहान होते, मग घर बदललं, मग आणखी काहीतरी झालं, आणि एव्हाना ती गावातल्या सुपरमार्केटमध्ये टिलवर, म्हणजे बिलं करायच्या काउंटरवर, बसत होती, आठवड्यातले चार दिवस. याबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नसे. भांडणही नव्हतं. विषयच निघत नसे. फक्त कधी रस्त्याने जाताना कुणाच्या घराला नवी एक्स्टेन्शन झालेली दिसली की आई क्षणभर थांबायची आणि "खिडकी किती खाली घेतलीय" असं स्वतःशीच पुटपुटून पुढे चालायला लागायची. मला त्याचा कंटाळा यायचा. दुसऱ्यांच्या खिडक्यांशी आपल्याला काय करायचंय, असं वाटायचं.

तर मग तिकडच्या एजंटाने भाड्याच्या तीन घरांचे फोटो आणि नकाशे पाठवले आणि बाबांनी ऑफिसच्या रंगीत प्रिंटरवर छापून आणले. घरं विचित्रच होती. रस्त्याकडे त्यांची अरुंद बाजू, जणू कोणी घर उचलून आडवं ठेवलंय. एका खोलीएवढी रुंदी आणि मागे लांबच लांब. लांब बाजूला खाली एक ओसरी, वर आणखी एक ओसरी, पांढरे खांब. आबाजींनी चष्मा कपाळावर चढवला, नकाशाचा कागद फिरवून फिरवून पाहिला आणि जाहीर केलं, "तिन्ही दक्षिणमुखी. यमाच्या दिशेला तोंड करून कोणी राहते काय, बाप्पा?"

"आबा, इथे साउथ-फेसिंग गार्डन म्हटलं की लोक उड्या मारतात," बाबा म्हणाले. "इस्टेट एजंट बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहितात."

"गार्डनला तोंड नसते. घराला असते."

बाबांनी आईकडे पाहिलं. बाबा स्वभावाने मार्ग काढणारे. त्यांनी बोटाने दाखवलं की रस्त्यावरचं दार तर पूर्वेला आहे, मग झालं, घर पूर्वाभिमुख, प्रश्न मिटला. आणि आईने त्यात नुसतं 'हो' म्हणायचं होतं. ती म्हणाली, "ते घराचं दार नाहीये. ते ओसरीचं दार आहे. आत गेलं की ओसरी लागते, आणि घराचं खरं दार तिच्या मध्यावर, दक्षिणेलाच." बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मीही. सासऱ्यांसमोर बाबांनी सुचवलेली सोयीची वाट नाकारताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपवून ती लायब्ररीत गेली आणि पुस्तकं घेऊन आली. मग आणखी आणली. काउंटरवरच्या बाईने दुसऱ्या गावच्या लायब्ररीतूनही मागवून दिली. माझ्या आर्टच्या परीक्षेतला उरलेला जाड कागद, पेन्सिली, पट्टी, सगळं हळूहळू जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. जेवताना ती सांगायची. त्या घरांच्या भिंतींवर लोखंडी बिल्ले का दिसतात: तिकडे कधीतरी मोठा भूकंप झाला होता, त्यानंतर आरपार सळया घालून भिंती आवळल्या, त्या सळयांची ती टोकं. ओसरीचं छत फिकट निळं का रंगवतात: भुतं त्याला पाणी समजून मागे फिरतात म्हणे. हे ऐकून आबाजींच्या मनात त्या गावाबद्दल पहिल्यांदा थोडा आदर निर्माण झाला. पाल्मेटो नावाचं ताडासारखं झाड, त्याच्या ओंडक्यांचा किल्ला बांधला होता, आणि इंग्रजांच्या आरमाराने तोफा डागल्या तर गोळे त्या मऊ लाकडात रुतून बसले, किल्ला काही पडेना. "इंग्रजांचे गोळे?" आबाजींनी आनंदाने विचारलं, आणि मग खिडकीतून शेजारच्या मिसेस पार्सन्सच्या घराकडे पाहून आवाज खाली आणला. "रुतले म्हणते? बरं झालं."

तिथले ओक सरळ उंच वाढत नाहीत, आडवे पसरतात, फांद्या जमिनीला टेकतात आणि पुन्हा वर उठतात. त्यांच्यावर करडं स्पॅनिश मॉस लोंबतं, जे ना स्पॅनिश आहे ना शेवाळ, अननसाच्या भाऊबंदांपैकी आहे. समुद्र आणि जमीन यांच्यात तिकडे नीट सीमारेषाच नाही. मैलोन् मैल खारी दलदल, गवत, भरतीला सगळं पाणी, ओहोटीला सगळा चिखल, आणि उन्हाळ्यात मोठाली कासवं रात्री वाळूत अंडी घालायला येतात. पुढे ते ओक मी प्रत्यक्ष पाहिले. तेव्हा लक्षात आलं की आईने लायब्ररीतल्या पुस्तकावरून काढलेली त्यांची चित्रं अगदी बरोबर होती, फक्त चिखलाचा वास तिच्या चित्रांत नव्हता. पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात त्या सगळ्यातून एकच गोष्ट शिरली होती. "तिकडे ॲलिगेटर असतात? लाइक, घराजवळ?" मी विचारलं. "तळं असेल तर असतात," आई म्हणाली, तितक्याच शांतपणे जितक्या शांतपणे ती दूध संपलंय असं सांगे.

मग एका रविवारी दुपारी आईने आम्हाला टेबलाशी बसवलं. मधोमध कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांचं घर होतं. किती सुंदर केलं होतं ते! दोन मजले, दोन ओसऱ्या, आइसक्रीमच्या काड्यांचे खांब, कापून काढलेल्या खिडक्या, रस्त्यावर ते फसवं दार. मागे अंगणात आणखी एक लांबट, बुटकी इमारत. एका बाजूला माझा टेबललॅम्प, दुसऱ्या हाताला माझाच हेअर ड्रायर. मी तक्रार करणार होते, पण आईच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प बसले. तिने केस वर बांधले होते आणि कानामागे पेन्सिल होती.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "नागपूरचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. त्यात हवेत पाणी मिसळा. असा उन्हाळा तिकडे. पंखे नव्हते, कूलर नव्हता. मग घर गार कसं ठेवणार?" तिने दिवा लावला. "हे दुपारचं ऊन. दक्षिणेकडून, डोक्यावरून येतं. ओसरीच्या छपरावर पडतं, भिंतीपर्यंत पोचतच नाही. बघा सावली." आबाजींनी वाकून पाहिलं. "आणि समुद्राचा वारा येतो तो दक्षिणेकडून, नैर्ऋत्येकडून. म्हणून घर असं आडवं वळवलं. खोली एकच रुंद, इकडून आलेला वारा तिकडच्या खिडकीतून बाहेर." तिने देवघरातल्या पुड्यातून दोन उदबत्त्या काढल्या, पेटवल्या, ओसरीपुढे धरल्या आणि मला म्हणाली, "ऋजू, ड्रायर. थंडवर. लांबून."

मी बटण दाबलं. धूर ओसरीत शिरला, खांबांमधून पुढे सरकला, खालच्या खिडक्यांतून आत गेला आणि पलीकडच्या खिडक्यांतून बारीक बारीक रेघांनी बाहेर आला. त्या खोक्यांच्या घराने खरोखर श्वास घेतला. आम्ही चौघंही त्याच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होतो, आणि नेमका तेव्हाच छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागला. बाबा खुर्चीवर चढून टॉवेल हलवायला लागले, मिसेस पार्सन्सने भिंतीवर टकटक केलं, आबाजी "काहून ओरडून राहिला हा?" असं विचारत होते आणि आई, उदबत्त्या हातात तशाच, त्या सगळ्या गोंधळाच्या वर आवाज काढून उत्तरेकडच्या भिंतीला खिडक्या कमी का असतात ते सांगत होती. शेजाऱ्याची ओसरी त्या बाजूला येते, त्याच्या घरात डोकावायचं नसतं म्हणून.

मी तो आवाज पूर्वी ऐकला नव्हता. आमच्या घरात आई "जेवायला चला" याच आवाजात सगळं बोलायची, आणि टिलवर गिऱ्हाइकांशी बोलताना तिचा आणखी एक आवाज होता, पातळ आणि विनवणीचा, "एनी कॅशबॅक?" वाला. हा तिसरा. माहीत असलेल्या गोष्टीबद्दल बोलणाऱ्या माणसाचा. मला एकाच वेळी अभिमान वाटला आणि रागही आला, की हा आवाज इतकी वर्षं होता कुठे, आणि आपल्याला कोणी सांगितलं कसं नाही.

अलार्म बंद झाला. आबाजींनी मागच्या बुटक्या इमारतीकडे बोट केलं. "आणि हे काय? गोठा?"

"स्वयंपाकघर आणि वर खोल्या. गुलाम राहायचे तिथे."

"घरातले नोकर म्हणजे."

"नोकर नाही, मामाजी. विकत घेतलेली माणसं. आफ्रिकेतून जहाजांतून आणलेली, मग त्यांची मुलं, नातवंडं. या एवढ्याशा जागेत पुढच्या घरातल्यांपेक्षा जास्त माणसं असायची." आणि मग तिने भाताचं सांगितलं. त्या गावाची सगळी श्रीमंती भाताची होती. नदीकाठची जंगलं तोडून, दलदलीत बांध घालून शेतं केली. भरती आली की समुद्र नदीचं गोडं पाणी मागे ढकलतो, तेव्हा लाकडी दार उघडून ते शेतात घ्यायचं. ओहोटीला दुसरीकडून सोडून द्यायचं. भात कसा लावायचा हे त्या गोऱ्या मालकांना कुठलं ठाऊक. ते ज्ञान आफ्रिकेच्या भातपट्ट्यातून त्या माणसांबरोबरच आलं होतं.

भंडाऱ्याच्या माणसाला भाताचं सांगायला नको आणि पाटबंधाऱ्याच्या माणसाला पाण्याचं. आबाजींनी त्या लाकडी दाराचं चित्र मागून घेतलं, बराच वेळ न्याहाळलं, पाणी कुठून येतं, कुठे जातं, सगळं दोनदा विचारलं. "म्हणजे बांध त्यांनी घातला," ते म्हणाले, "पाणी त्यांनी आणलं, भात त्यांनी पिकवला, शिजवलाही त्यांनीच. आणि वाऱ्याच्या बाजूला बसले दुसरेच."

"हो," आई म्हणाली. "पुस्तकांत पुढच्या घराचे पानभर फोटो आहेत. मागचं शोधावं लागतं. म्हणून मी मागचं आधी केलं."

आबाजी म्हणाले, "आमच्या घरालाही मागचं दार होतं, ऋजू. त्यातून कोण यायचं आणि पुढून कोणाला येता यायचं नाही, ते मला चांगलं आठवते." एवढंच. त्यांनी उपरण्याने चष्मा पुसला आणि आईला म्हणाले, "दक्षिण राहू दे, सूनबाई. वाऱ्याचं खरं आहे तुझं. मारुतीची तसबीर लावून टाकू ओसरीत." बाबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. त्या रात्री आम्ही फिश अँड चिप्स मागवले, कारण स्वयंपाक करायला टेबलावर जागाच नव्हती.

त्यानंतर जेवणं सुरू झाली. आमच्या मराठी मंडळात कोणी भारतात परत निघालं, कॅनडाला निघालं, नुसतं लीड्सला निघालं तरी त्याला घरोघरी निरोपाचं जेवण घालायची पद्धत होती. ती पद्धत कोणी सुरू केली माहीत नाही, पण ती मोडायची कोणाची छाती नव्हती. बाबांनी स्टॅनमोरच्या देसाईकाकांना फोनवर "ऑलमोस्ट" म्हणून सांगितलं, काकूंनी ते पुढे सांगताना तो शब्द जड म्हणून वाटेत ठेवून दिला, आणि शनिवार-रविवार आमचे भरून गेले. सगळीकडे आम्रखंड. डब्यातल्या आंब्याचं, वर केशराची एकेक काडी. प्रत्येक काकू वेगळं काहीतरी केल्याच्या थाटात तेच वाढायच्या आणि आम्ही पहिल्यांदाच बघतोय अशा चेहऱ्याने "अय्या, आम्रखंड!" म्हणायचो. जेवणानंतर भेट. कोणी बॅगेचं वजन करायचा काटा दिला, कोणी उन्हाच्या टोप्या. देसाईकाकूंनी आईचे दोन्ही हात धरून डोळ्यांत पाणी आणलं. "आता केव्हा भेटशील गं वैशाली?" आई म्हणाली, "या ना तिकडे. ओसरी आहे आम्हाला." आणि मग ती ओसरीबद्दल सांगायला लागली, देसाईकाकूंचे हात हातात तसेच. घरी येताना गाडीत ती खिडकीशी बसून मोटरवेकडे बघत गुणगुणत होती. तेव्हा मला उमगलं की तिला जायचंय. बाबांबरोबर जावं लागतंय म्हणून नाही, तिला स्वतःला जायचंय. ती या देशात आल्यापासून तिला स्वतःला काही हवंय असं मी पाहिलेलं ते पहिलंच, आणि मी मागच्या सीटवर बसून देवाची प्रार्थना करत होते की जाणं रद्द होऊ दे.

देवाने माझं ऐकलं. एका संध्याकाळी बाबा आले, किल्ली फ्रिजवर ठेवली आणि स्पिन थांबेपर्यंत बोललेच नाहीत. मग म्हणाले, "क्लायंटने सेंटर कॅन्सल केलं. होल थिंग. आपण कुठेही जात नाही." मी उडी मारायच्या बेतात होते. आबाजी "असू दे, असू दे" म्हणाले. आई पोळी लाटत होती. तिने ती पूर्ण लाटली, तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली, सगळं नेहमीसारखं. मग गॅस बंद केला आणि म्हणाली, "बाकीच्या तुम्ही करून घ्या." आणि वर निघून गेली.

पोळ्या कोणालाच जमल्या नाहीत. आम्ही टोस्ट खाल्ला. कॉर्नफ्लेक्सचं घर टेबलावर होतंच, त्याला वळसा घालून बटर पास करावं लागत होतं. मला जे नको होतं ते टळलं होतं, आणि वर माझी आई दार लावून बसली होती. आज या वयात मला आईची ती संध्याकाळ माझ्या कुठल्याही दुःखापेक्षा स्पष्ट आठवते.

पुढचे काही दिवस बाबांना एकच चिंता. लोकांना तोंड कसं दाखवायचं? नोकरी शाबूत होती, पगार शाबूत होता, पण इतक्या घरची आम्रखंडं पोटात गेली होती. रविवारी मंडळाचा कार्यक्रम होता, त्याला जायचं की नाही यावर ते सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. "देसाई विचारणार. सगळे विचारणार. आपण सगळ्यांकडे जेवलो, वैशाली. गिफ्ट्स घेतले. इट्स सो एम्बरॅसिंग. परत द्यायचे का?"

आई आबाजींसाठी दाण्याचा कूट करत होती. मिक्सर थांबवून ती म्हणाली, "परत कशाला? कोणीतरी जाऊन आलं की झालं."

"म्हणजे?"

"निरोप घेतलाय ना आपण सगळ्यांचा? जेवलोय ना पोटभर? मग खाल्ल्या अन्नाला जागायला नको? मी जाते. ईस्टरच्या सुट्टीत, दहा दिवस. तिकिटाचे पैसे माझे आहेत माझ्याकडे. ऋजूला यायचं असेल तर तिला नेईन."

बाबांना वाटलं ती चेष्टा करतेय. ते हसलेही. ती हसली नाही. "एकटी? पण तिथे आपलं कोण आहे? काय करणार तू तिथे?"

"घरं बघणार."

"फोटो आहेत ना."

"फोटोत वारा लागत नाही," आई म्हणाली, आणि तिचे डोळे एकदम भरून आले. "अहो, चौदा वर्षांत मी काही मागितलंय का तुमच्याकडे? आताही मागत नाहीये. सांगतेय."

आबाजींचा आवाज आला, रेडिएटरपाशी बसल्या जागेवरून. "ते भाताचं दार पाहून ये, सूनबाई. बिजागरी वर असते की बाजूला, ते चित्रात समजत नाही." बाबांनी वडिलांकडे पाहिलं, मग आईकडे, मग त्या घराकडे. मार्ग काढणारा माणूस तो. "कॅमेऱ्याला मोठं मेमरी कार्ड लागेल," ते म्हणाले.

मी येते म्हणाले. ॲलिगेटर असले तरी. जेमाला सांगितलं तर ती म्हणाली, तुझी आई भारी आहे, आणि मी पहिल्यांदाच त्यावर डोळे न फिरवता हो म्हटलं.

आमचे पासपोर्ट तेव्हा भारतीय होते, म्हणून व्हिसासाठी लंडनला अमेरिकेच्या वकिलातीत जाऊन मुलाखत द्यावी लागणार होती. निघताना आबाजींनी दोघींच्या तळहातावर दही घातलं. आईने मुद्दाम कोट घातला होता, बाबांचा चांगला पेन घेतला होता आणि पॅडिंग्टनपर्यंत दर स्टेशनाला पर्समध्ये हात घालून सगळं आहे ना ते बघत होती. आत मोठा हॉल, खुर्च्या, नंबर पुकारणारा बोर्ड. अवघडून बसलेली माणसं, सगळ्यांच्या मांडीवर फायली. काचेपलीकडचे लोक झटपट प्रश्न विचारत होते, लोक झटपट उत्तरं देत होते, आणि कोणाला नकार मिळाला की ते त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं. मला एवढंच वाटत होतं की आईने टिलवरचा तो पातळ आवाज काढू नये.

आमचा नंबर लागला. काचेमागे एक तरुण गोरा माणूस होता, जांभई दाबत असलेला. कशासाठी जाताय, त्याने विचारलं. घरं बघायला, आई म्हणाली. विकत घ्यायला? नाही, बघायला. त्याने मान वर केली.

"व्हॉट डू यू डू, मॅम?"

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. "आय ॲम ॲन आर्किटेक्ट," ती म्हणाली.

त्याने समोरचा कागद पाहिला. "इट सेज सुपरमार्केट हिअर."

"येस. फोर डेज अ वीक."

तो किंचित हसला. पेन खाली ठेवून खुर्चीत मागे टेकला आणि त्याने विचारलं, बरं, मग त्या घरांत बघण्यासारखं असतं तरी काय? आईने पर्स काचेखालच्या फळीवर ठेवली. मग कोटाची बटणं सोडली, आणि सुरुवात केली. रस्त्यावरच्या दारापासून. दार ओसरीत कसं उघडतं, ऊन कुठे अडतं, वारा कुठून येतो, एका हाताने घर आणि दुसऱ्याने समुद्र दाखवत. तिचं इंग्रजी मध्येच अडखळायचं, पण ती शब्द शोधायची, सापडेपर्यंत थांबायची आणि पुढे जायची. तो तिसरा आवाज होता. मी ऐकत राहिले. मागे वळून पाहिलं तर खुर्च्यांतली माणसं घड्याळं बघायला लागली होती, कोणीतरी घसा खाकरला. मला अवघडल्यासारखं झालं आणि मी तिची बाही ओढली.

"आई, लोक थांबलेत."

"थांबू देत," आई म्हणाली, आणि त्याला मागच्या घराबद्दल सांगायला लागली.